करवतीचे नाव आणि करवतीची धार

पावसाळा तोंडावर आला की नवी मुंबईच्या वसाहतींतून एक विशिष्ट आवाज घुमू लागतो. वाशी, नेरुळ, सीवूड्स, बेलापूर येथील रस्त्यांच्या कडेला शहर वसवताना लावलेले गुलमोहर, सोनमोहर आणि पर्जन्यवृक्ष आता प्रौढ झाले आहेत. ही झाडे झपाट्याने वाढतात, सावली उदार हाताने देतात. पण त्यांचे लाकूड ठिसूळ. वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात एखादी फांदी कडाडून खाली येते आणि खाली उभ्या असलेल्या मोटारीचे छप्पर बसते. म्हणून मे महिन्यात महापालिकेची छाटणी, गृहनिर्माण संस्थांचे परवानगीचे अर्ज आणि ठेकेदारांची धावपळ. पूर्वी या कामाला कोयता आणि कुऱ्हाड पुरे. आज त्यांची जागा पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीने घेतली आहे.

या यंत्राला शहरात दोन नावे आहेत. झाडावर चढणारा मजूर त्याला 'कटर' म्हणतो, फार तर 'वुडकटर'. खाली उभे राहून वर पाहणारा गृहस्थ त्यास 'चेन सॉ' म्हणतो आणि लगोलग त्याच्या परदेशी उत्पादकाचे नाव उच्चारतो. ते नाव तो जपून, तपासून, कित्येकदा मुलाकडून खात्री करून घेऊन उच्चारतो. कर्जत, पाली किंवा मुरूडकडे दहा-वीस गुंठ्यांचा तुकडा घेणाऱ्या मध्यमवर्गीयाच्या घरात ही करवत आता मालकीची वस्तू म्हणून शिरली आहे. सदनिकेच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, नारिंगी रंगाच्या पेटीत ती विसावलेली असते. वर्षातून दोनदा ती मोटारीच्या डिकीत जाते आणि बहुधा न वापरताच परत येते. यंत्राचे नाव बिनचूक घेणे आणि यंत्र बिनचूक चालवणे या दोन वेगवेगळ्या विद्या आहेत. आपल्या समाजाने पहिलीला जो भाव दिला आहे, तो दुसरीला दिलेला नाही.

प्रथम नावांकडे वळू. आंद्रेआस श्टील या अभियंत्याने १९२६ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथे आपला उद्योग सुरू केला. त्याची पहिली विजेची करवत ४८ किलो वजनाची होती आणि ती पेलायला दोन माणसे लागत. जर्मन भाषेत शब्दारंभीच्या 'एस-टी'चा उच्चार 'श्ट' असा होतो. म्हणून आडनाव श्टील. ते इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि 'स्टील' झाले. परिणामी दुकानात 'स्टीलचा कटर' मागितला, तर गिऱ्हाइकाला पोलाद अभिप्रेत आहे की कंपनी, हे संदर्भानेच ओळखावे लागते. दुसरे नाव स्वीडनचे. हुस्कवार्ना येथे १६८९ पासून बंदुकांचा राजकीय कारखाना होता. तेथे पुढे शिवणयंत्रे झाली, मोटारसायकली झाल्या आणि १९५९ पासून साखळी-करवती होऊ लागल्या. या नावाचा मूळ अर्थ 'वाड्याची गिरणी' एवढाच. सुशिक्षितांची जीभ ज्याच्यापुढे अडखळते, ते नाव आपल्या गिरणगाव किंवा चक्कीनाका यांच्याच कुळातले एक साधे स्थलनाम आहे.

गंमत अशी, की ही दोन्ही नावे देवनागरीत जशी आहेत तशी लिहिता येतात. 'श्ट' हे जोडाक्षर लिहायला आपल्याला कसलीही अडचण नाही. अडचण आहे ती रोमन अक्षरे इंग्रजी पद्धतीने वाचण्याच्या सवयीची. ज्याला आपण 'चुकीचा उच्चार' म्हणून हसतो, तो पुष्कळदा इंग्रजी न शिकल्यामुळे मूळ उच्चाराच्या अधिक जवळ राहिलेला असतो. खेळाच्या बुटांचे एक नाव घ्या. रस्त्यावरचा मुलगा 'आदिदास' म्हणतो आणि इंग्रजी शाळेतला त्याला दुरुस्त करून 'ॲडीडस' म्हणायला लावतो. बूट बनवणाऱ्या गृहस्थाचे नाव होते आदि डास्लर. दुरुस्ती कोणाची व्हायला हवी होती, हे निराळे सांगायला नको. उलट, १९६० नंतर म्हैसूरला तयार होऊ लागलेल्या 'जावा' मोटारसायकलीचे नाव तिच्या मायदेशी, चेकोस्लोव्हाकियात, 'यावा' असे उच्चारीत. आपण ती 'जावा' म्हणूनच चालवली, दुरुस्त केली आणि तिच्यावर बसून लग्नाला गेलो. त्यावाचून कोणाचे काही अडले नाही.

परदेशी नाव मराठीत कसे मुरते, याचे सर्वांत मोठे उदाहरण नवी मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. विमानतळासाठी उलव्याची सुमारे नव्वद मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून उडवण्यात आली, नदीचा प्रवाह वळवण्यात आला आणि अखेर २०२५ च्या डिसेंबरात तेथून विमाने उडू लागली. ती टेकडी उपसली कोणी, असे आसपासच्या गावांत विचारले तर उत्तर येते : 'पोकलेननं'. पोक्लँ ही एक फ्रेंच कंपनी. पॅरिसच्या उत्तरेकडील एका शेतवाडीचे नाव जॉर्ज बताय याने आपल्या शेतकी अवजारांच्या कारखान्याला दिले होते. या कंपनीच्या सहकार्याने १९७० च्या दशकात लार्सन अँड टुब्रोने भारतात उत्खनन यंत्रे बनवली. आता यंत्र जपानी असो, कोरियन असो की जमशेदपूरचे. लांब हाताचे, पट्ट्यांवर चालणारे असले की ते पोकलेन. मराठी दैनिकांच्या बातम्यांत, ग्रामपंचायतीच्या ठरावांत, निविदांत हाच शब्द रूढ आहे. फ्रान्समधल्या त्या वाडीचा अनुनासिक उच्चार चालकाला ठाऊक नाही आणि त्याचे त्याला वैषम्यही नाही. त्याने यंत्राबरोबर यंत्राचे नावही आपलेसे केले आहे. चार शतकांपूर्वी पोर्तुगीजांकडून घमेले, चावी, बटाटा आणि पगार हे शब्द असेच कामकऱ्यांच्या तोंडून मराठीत आले. 'पगार' या शब्दाचा लिस्बनचा उच्चार कसा होता, हे कोणत्याही कारकुनाने महिन्याच्या एक तारखेला विचारल्याचे ऐकिवात नाही.

मग उच्चाराची ही लाज आली कोठून? तिचे मूळ भाषेत कमी आणि बाजारात अधिक आहे. परवाना-पद्धतीच्या काळात परदेशी वस्तू दुर्मिळ होती. 'फॉरेनचा माल' हा शब्दच प्रतिष्ठेला पुरेसा होता, मग घड्याळ 'सायको' म्हणा की 'सेको'. सरकारचे धोरणही असे, की निव्वळ परदेशी नाव देशी बाजारात सहसा उतरू द्यायचे नाही. १९८४ ची 'हिरो होंडा', त्यानंतरची 'कावासाकी बजाज' आणि १९९० ची 'लहर पेप्सी' ही जोडनावे त्या काळाची साक्ष देतात. १९९१ नंतर दारे उघडली, वस्तू मुबलक झाली आणि ती केवळ जवळ असण्याला पूर्वीचे मोल उरले नाही. थॉर्स्टीन व्हेब्लेनने १८९९ मध्ये दाखवून दिले होते, की दिखाऊ उपभोगातील वस्तू ही वापरापेक्षा दाखवण्यासाठी घेतली जाते. हप्त्यावर जेव्हा सर्वांनाच वस्तू घेता येते, तेव्हा दाखवण्यासाठी दुसरे काही लागते. ते दुसरे म्हणजे उच्चार. तो हप्त्यावर मिळत नाही. त्यासाठी शाळा लागते, परदेशवारी लागते, निदान परदेशी असलेला भाचा तरी लागतो. म्हणून मॉलमध्ये नाव चुकीचे घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे विक्रेता मुलगा सौम्यपणे पाहतो. तो स्वतः कदाचित घणसोलीच्या चाळीत राहत असेल. पण ते नाव त्याला नोकरीसाठी पाठ करावे लागलेले असते. महाविद्यालयांतील हुशार विद्यार्थी मुलाखतीत याच भीतीने तोंड मिटून बसतात, हे शिक्षकवर्गाला सांगण्याची गरज नाही.

चैनीच्या वस्तूंच्या बाबतीत हे सारे हसण्यावारी नेता येईल. हातातल्या पिशवीचे फ्रेंच नाव बरोबर घेतले काय, चूक घेतले काय, तिने कोणाचा पाय तुटत नाही. करवतीची गोष्ट वेगळी आहे.

साखळी-करवतीची शक्ती आकड्यांत पाहिली म्हणजे हे ध्यानात येईल. बागेतल्या फांद्या आणि पडलेला नारळ यांना तीस-पस्तीस सीसीचे, दीड-दोन अश्वशक्तीचे यंत्र पुरते. परंतु ग्राहकाला 'सर्वांत मोठे' हवे असते. श्टीलच्या सर्वांत मोठ्या करवतीचे इंजिन १२१.६ सीसीचे असून त्याची शक्ती साडेआठ अश्वशक्तीहून थोडी अधिक, म्हणजे आपल्या रस्त्यांवरून दोन माणसे आणि एक गॅस सिलिंडर वाहून नेणाऱ्या साध्या मोटारसायकलीइतकी आहे. फरक असा, की मोटारसायकलीला परवाना लागतो, तिला चाके असतात आणि ब्रेक मारून ती उभी करता येते. येथे तेवढीच शक्ती दोन हातांत धरलेली असते आणि दातांची साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावत असते. कानाशी शंभर डेसिबलहून अधिक आवाज असतो. याहूनही चिंतेची बाब म्हणजे, ५८ सीसीचा आकडा ठळक छापलेली स्वस्त, अनामिक यंत्रे आज पाच-सात हजारांत घरपोच मिळतात. त्यांच्या पेटीत सूचनापत्रिका असलीच तर ती वाचण्याजोगी नसते.

हे यंत्र ज्याला कळते, त्याला काय कळते? पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की करवत उसळून चालवणाऱ्याच्या तोंडावर येते, हे त्याला कळते. म्हणून तो कधीही टोकाने कापत नाही आणि करवत खांद्याच्या वर उचलत नाही. खाली पडणारा पदार्थ पाहून धार कळते : ढलप्या पडत असतील तर साखळी ठीक, पीठ पडू लागले तर थांबून गोल कानस हाती घ्यायची. फांदी कोणत्या बाजूने ताणली गेली आहे आणि कोणत्या बाजूने दाबली गेली आहे, हे तिच्याकडे पाहून ठरवावे लागते. चुकीच्या बाजूने काप घेतला तर पाते चिमटीत अडकते किंवा फांदी फाटून अंगावर येते. पाचर कधी ठोकायची, खाली कोण उभे आहे, दोर कोणाच्या हातात आहे, हे सारे त्यात येते. ही विद्या पुस्तकातून क्वचितच येते. रायगड जिल्ह्यात ती बऱ्याच अंशी अशा माणसांच्या हाती आहे, ज्यांच्या आधीच्या पिढ्यांनी खैराचा कात काढला, कोळशाच्या भट्ट्यांवर राबून लाकूड ओळखले. आणि ज्यांची नावे कोणत्याही हमीपत्रावर नाहीत. त्यांना हुस्कवार्ना म्हणता येत नाही. मालक त्यांच्यादेखत ते नाव दोनदा म्हणून दाखवतो आणि मग करवत त्यांच्याच हाती देतो.

येथे अर्थशास्त्राचा एक कोरडा प्रश्न उभा राहतो. यंत्र मालकाचे, कौशल्य मजुराचे; मग जोखीम कोणाची? कापड फाटताच आतले धागे साखळीत गुंतून ती थांबवणारी विजार, कानांचे संरक्षक, डोळ्यांवरची जाळी या वस्तू करवतीसोबत विकत मिळतात, पण बहुतेकदा घेतल्या जात नाहीत. त्यांना नाव नसते आणि त्या दाखवण्याजोग्याही नसतात. करवतीवर साठ हजार घालणारा माणूस विजारीवर पाच हजार घालताना हात आखडता घेतो, कारण ती विजार त्याला स्वतःला घालायची नसते. दिवसाची मजुरी संपली की हिशेब मिटतो. बहिरेपणाचा हिशेब वीस वर्षांनी, आणि तोही मजुराच्या घरी, मांडला जातो.

या विद्येचा मान इतरत्र राखला गेला तेव्हा काय घडले, याचेही उदाहरण आहे. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या साखळीचा आराखडा कोणा प्राध्यापकाचा नाही. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील जोसेफ कॉक्स हा लाकूडतोड्या १९४६ मध्ये एका ओंडक्यापाशी बसून लाकूड पोखरणारी अळी न्याहाळत होता. ती अळी डावी-उजवीकडे आलटूनपालटून कुरतडते आणि लाकडाच्या रेषांना आडवी आणि उभी सारख्याच सहजतेने जाते, हे त्याने हेरले. तिच्या जबड्यांवरून त्याने साखळीचे दात घडवले आणि पुढच्याच वर्षी धंदा सुरू केला. त्याच्याजवळ भांडवल अल्प होते, पण निरीक्षणावर त्याची मालकी होती. आपल्याकडे अशी अळी पाहणारे शेकडो असतील. त्यांनी पाहिलेले विचारणारा कोणी नाही.

ही करवत घरोघरी असू नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या, रस्त्यांवर झाडांचे ढीग पडले, कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. त्या दिवसांत साखळी-करवतीची किंमत रुपयांत सांगता आली नसती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी याच यंत्रांनी रस्ते मोकळे केले. परंतु विचार करावा. वादळाच्या दिवशी उपयोगी पडते ती गावातली चालू करवत आणि ती चालवणारा माणूस. शहरातील गॅलरीतल्या पेटीत ठेवलेले यंत्र त्या दिवशी शंभर किलोमीटरवर असते आणि मधला रस्ता झाडांनी बंद असतो.

समजा, साठ हजारांची करवत दहा वर्षे टिकली आणि वर्षातून चार दिवस चालली. तर पेट्रोल, तेल, दुरुस्ती धरण्याआधीच ती दिवसाला दीड हजारांना पडते. तीच करवत वर्षातून शंभर दिवस चालली, तर ती लवकर झिजेल हे खरे. पण दिवसाचा खर्च कित्येक पटींनी उतरेल. शिवाय तिच्यासोबत तिची देखभाल करणारा एक हात तयार होईल. ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रासाठी अवजार बँकेची कल्पना महाराष्ट्राने स्वीकारली आहे. गावोगावच्या अशा बँकांत दोन चांगल्या करवती, चार विजारी आणि एक शिकवलेला माणूस का असू नये? नवी मुंबईतील गृहनिर्माण संस्थांच्या संघांनाही हा प्रश्न विचारता येईल. परंतु सामायिक वस्तूचे नाव अभिमानाने घेता येत नाही, हीच तिची अडचण आहे.

आणखी एक गोष्ट यात गुंतलेली आहे, आणि ती सर्वांत कमी बोलली जाते. महाराष्ट्राच्या नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे. परवानगीवाचून झाड तोडणे, जाळणे किंवा त्यास इजा करणे त्यात निषिद्ध आहे. अर्ज, पाहणी, हरकती, निर्णय अशी त्याची रचना आहे. ही रचना कुऱ्हाडीच्या काळातली आहे. कुऱ्हाडीने मोठा वृक्ष पाडायला अर्धा दिवस जाई. घाव शेजाऱ्यांना ऐकू जात, कोणी विचारपूस करी, कोणी वृक्ष अधिकाऱ्याला कळवी. त्या वेळात कायद्याला धाप लागली तरी पोहोचता येई. साखळी-करवतीने हा वेळच काढून घेतला. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी आरे येथील वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर दोन हजार शंभराहून अधिक झाडे पडली होती. मेट्रो हवी की नको, कारशेड कोठे हवी, हा वाद येथे बाजूला ठेवू. यंत्राच्या वेगाने अपिलाचा अवधीच संपवला, एवढे मात्र त्या तीन दिवसांनी दाखवून दिले. फिलिपीन्सने २००२ मध्ये स्वतंत्र कायदा करून साखळी-करवतीची मालकीच नोंदणीखाली आणली. आपल्याकडे लाकडाच्या वखारीतील जागेला खिळलेल्या आरायंत्राला परवाना लागतो आणि कोणत्याही झाडापाशी हातात धरून नेता येणारी करवत कपड्यांच्या पार्सलासारखी घरी येते.

नोंदणी झाली म्हणून सारे सुरळीत होईल असे मानण्याइतका भाबडेपणा कोणी करू नये. नोंदणीच्या खिडकीवर काय चालते, हे कारकुनांना अधिक ठाऊक आहे. पण नोंदणीच्या निमित्ताने मालकाला एक प्रश्न तरी विचारता येईल : ही चालवणार कोण, आणि त्याला कोणी शिकवले?

तूर्त हा प्रश्न जून महिना विचारतो. फांदी कोसळलेली असते, वाट अडलेली असते. मालक नारिंगी पेटी उघडतो आणि दोरी ओढतो. एकदा, दहादा, वीसदा. इंजिन खोकतही नाही. हे आता वारंवार घडू लागले आहे, कारण आजच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते. ते हवेतील ओल शोषून घेते, टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिले की बिघडते आणि कार्बोरेटरमधील नाजूक पडदे कडक करून टाकते. रोज चालणाऱ्या करवतीला हा रोग होत नाही. मालक घामाघूम होऊन सेवा केंद्राला दूरध्वनी लावतो, यंत्राचे नाव अचूक सांगतो, क्रमांकही सांगतो. तेवढ्यात वाडीवरचा गडी येतो, टाकीचे झाकण काढतो, नाकाशी नेतो आणि विचारतो, "साहेब, पेट्रोल कधी भरलं होतं?"

साहेबांना ते आठवत नाही. गडी टाकी जमिनीवर रिकामी करतो आणि कुऱ्हाड आणायला जातो.